कोर्टाचा कागद सोसायटीच्या दारात आला, तर आपण काय करणार?



बंदीचे दिवस चालू आहेत. ट्रॉलर जेटीला बांधून आहेत, होड्या वर ओढून ताडपत्री घातली आहे, घराघरात जाळी सांधायचं काम चाललंय. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस आपले पुरुष घरी असतात, हातात पैसा कमी असतो, आणि कुणाकुणाच्या घरातून रात्रीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू येतो. सगळ्यांच्या घरातून नाही. पण कुठल्या घरातून येतो ते सगळ्यांना माहीत असतं.

एरवी या पानावर मी डिझेलचा दर, बर्फाचं बुकिंग, हवामानाचा इशारा, लायसन्सची शेवटची तारीख एवढंच टाकतो. आज वेगळं लिहितोय. काहींना आवडणार नाही. फोन करून शिव्या घालायच्या असतील तर घाला, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी चूक सांगतो. आपल्या एका सभासदाची बायको दोन वर्षांपूर्वी दुपारी ऑफिस बंद करायच्या वेळेला आली. बाजारात मासळी विकून थेट आली होती, टोपली बाहेर ठेवली होती. म्हणाली, "दादा, ह्यांच्या खात्यावर ह्या महिन्यात किती जमा झाले? घरात एक पैसा देत नाहीत. माझ्या टोपलीचे पण काढून घेतात." मी म्हटलं, "वहिनी, ते सभासदाचं खातं, मला सांगता येत नाही." ते नियमाने बरोबर होतं. पण ती पदराने गालावरचं झाकत होती ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

नंतर तिच्या भावाने ओरड केली म्हणून आम्ही चौघे जाणते ऑफिसात बसलो. दोघांना बोलावलं. त्याने देवाची शपथ घेतली, परत हात लावणार नाही म्हणाला. आम्ही चहा मागवला आणि तिला सांगितलं, "वहिनी, घर सांभाळून घ्या, सीझन चालू आहे." असं एकदा नाही, दोनदा केलं. तिसऱ्या वेळी ती ऑफिसात आलीच नाही. मनगट मोडून सरकारी हॉस्पिटलात होती. डॉक्टरला तिने काय सांगितलं? जेटीवर पाय घसरला.

हे तिला विचारून लिहितोय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, काही गोष्टी बदलल्या आहेत. ही कुणाची असेल याचा शोध घेत बसू नका. अशी एकच नाही.

हॉस्पिटलातून ती माहेरी गेली आणि तिथल्या तालुक्याच्या कोर्टात तिने अर्ज केला. काही आठवड्यांनी कोर्टाचा एक कागद आपल्या सोसायटीत आला. त्यात लिहिलं होतं की ह्या सभासदाचे जे पैसे सोसायटीकडे जमा होतात, त्यातून दर महिन्याला अमुक रक्कम थेट त्याच्या बायकोच्या खात्यावर भरा.

कमिटीत गोंधळ झाला. एक जण म्हणाला, नवरा-बायकोच्या भांडणात सोसायटी कशाला? दुसरा म्हणाला, कोर्टाला आपला धंदा काय कळतो? तिसऱ्याने उपाय काढला: त्याची मासळी पुढच्या लिलावापासून भावाच्या नावावर चढवा, म्हणजे खात्यावर काही दिसणारच नाही. मी त्या वेळी "नाही" म्हटलं नाही. दोन दिवस गप्प बसलो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो, कारण आपल्यातले बरेच जण अशा वेळी असेच गप्प बसतात.

दोन दिवसांनी तालुका कोर्टात जाऊन कायदेशीर सेवा समितीच्या वकिलांना भेटलो आणि हा कायदा काय आहे ते समजून घेतलं. आज तेच तुम्हाला सांगतो.

कायद्याचं नाव कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. आपल्याला वाटतं बाईने केस केली म्हणजे नवरा तुरुंगात. तसं नाही. या कायद्याखाली बाई मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करते तेव्हा ती शिक्षा मागत नाही, संरक्षण मागते. मॅजिस्ट्रेट आदेश देतो: हिला मारू नको, धमकावू नको, हिच्या कामाच्या जागी जाऊ नको, फोन करू नको. मार्केटात ती मासळी विकते तिथे जाऊन तमाशा करू नको, असंही त्यात येऊ शकतं. घरातून तिला बाहेर काढता येत नाही. घर कुणाच्याही नावावर असो, एकत्र संसार केलेल्या घरात राहायचा तिचा हक्क आहे. ते घर सासऱ्याच्या नावावर असलं म्हणून हक्क आपोआप जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. गरज वाटली तर मॅजिस्ट्रेट नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतो.

मालमत्तेचं पण आहे. कोर्टाच्या परवानगीशिवाय बोट विकू नको, बँक खातं रिकामं करू नको, तिचे दागिने हलवू नको, असा आदेश निघू शकतो. आणि आपल्या गोव्यात तर लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात. त्यामुळे "बोट माझी, घर माझं, तू कोण?" हे बोलणं आपल्याकडे कायद्यालाही धरून नाही.

मारहाण म्हणजेच हिंसा, हा पण गैरसमज आहे. कायद्यात शरीराची, लैंगिक, शिव्या-अपमानाची आणि पैशाची अशी सगळी हिंसा धरली आहे. घरखर्च बंद करणं, तिची कमाई काढून घेणं, तिचं सोनं न विचारता गहाण टाकणं, हे पैशाच्या हिंसेत येतं. सकाळी 4 वाजता उठून जेटीवर येणारी, दिवसभर उन्हात बसून विकणारी आपली बाई संध्याकाळी कमाई नवऱ्याच्या हातात देते आणि मुलाच्या वह्यांसाठी त्याच्याकडेच मागते, हे चित्र आपल्याकडे नवीन नाही. आपण त्याला "घरची रीत" म्हणतो.

हा कायदा फक्त बायकोसाठीही नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, नात्याने एका घरात राहणारी कुठलीही बाई अर्ज करू शकते. दारूसाठी आईला मारणारे मुलगे आपल्या वाड्यावर आहेत. बोट नावावर कर म्हणून म्हाताऱ्या आईला जेवण न देणारे पण आहेत. त्या आईलाही हे दार उघडं आहे. आणि तक्रार पुरुषावरच करता येते असंही नाही. 2016 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर घरातल्या बाईविरुद्धही अर्ज करता येतो.

आता सोसायटीत आलेल्या त्या कागदाकडे येतो. कोर्टाने ठरवलेले पैसे नवरा देत नसेल, तर त्याला पगार देणाऱ्या मालकाला किंवा त्याचं देणं असणाऱ्याला कोर्ट सांगू शकतं की त्यातला हिस्सा थेट तिला द्या किंवा कोर्टात भरा. सोसायटी सभासदाची मासळी विकते आणि त्याचे पैसे देणं लागते. म्हणून तो कागद आपल्याकडे आला. बोटमालकांनो, हे तुम्हालाही लागू आहे. तुमच्या तांडेलाच्या किंवा खलाशाच्या बाबतीत उद्या असा आदेश तुमच्या नावाने येऊ शकतो. तेव्हा "त्याचा हिशोब झाला, त्याने उचल घेतली" असं खोटं लिहून दिलंत तर तुम्ही स्वतःच कोर्टासमोर उभे राहाल.

भावाच्या नावावर मासळी चढवायची ती युक्ती लक्षात आहे ना? आपण तिला मैत्री म्हणतो. ती मैत्री नाही. एका पोराच्या शाळेच्या फीवर सगळ्यांनी मिळून टाकलेला दरोडा आहे तो. आणि सोसायटीच्या रजिस्टरात खोटी नोंद करायची म्हणजे उद्या ऑडिटमध्ये सगळे सभासद अडकणार. एका माणसाचा राग राखायला शंभर घरांची सोसायटी पणाला लावायची का?

शेवटी कमिटीने आदेश पाळायचं ठरवलं. दर महिन्याला ती रक्कम तिच्या खात्यावर जाते. तो एक सीझन माझ्याशी बोलला नाही. समोरून आला तर तोंड फिरवायचा. पण मासळी आजही आपल्याच सोसायटीत देतो.

त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली, ती आपल्या पुरुष सभासदांनी नीट वाचावी. पहिली नोटीस आली तेव्हा तो कोर्टात गेलाच नाही. बोट घेऊन निघून गेला, म्हणाला बघू काय करतात ते. कोर्टाने त्याच्याशिवाय अंतरिम आदेश दिला, तो अधिकार कोर्टाला आहे. मग मित्रांनी डोकं फिरवलं, "चल, तिच्या माहेरी जाऊन बोलूया." नशीब की त्या दिवशी त्याच्या थोरल्या भावाने चावी काढून घेतली. कारण संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा आहे. 1 वर्षापर्यंत कैद, किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन ठाण्यात मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. म्हणजे अर्जामुळे तुरुंग नव्हता. तुरुंग त्या गाडीत बसून तिच्या दारात जाण्यात होता.

पुढे त्याने वकील घेतला आणि लेखी उत्तर दिलं. इंजिन दुरुस्तीची बिलं लावली, सोसायटीतून दोन वर्षांचा उतारा नेला, बंदीच्या दोन महिन्यांत खात्यावर एक रुपया येत नाही हे दाखवलं. कोर्टाने ते ऐकून घेतलं. जून-जुलैची रक्कम कमी केली आणि राहिलेली पुढच्या महिन्यांत वाटून दिली. आपला धंदा कोर्टाला कळत नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जाऊन सांगितलं तर कळतं. बोट घेऊन पळालात तर कसं कळणार?

म्हणून ज्याला नोटीस येईल त्याने एवढं करावं. नोटीस घ्या, तारीख बघा, त्या दिवशी हजर राहा. समुद्रात असाल तर वकिलामार्फत कळवा. तिने लिहिलेलं खोटं वाटत असेल तर ते मॅजिस्ट्रेटसमोर लेखी सांगा, कागद दाखवा, साक्षीदार न्या. आदेश पटला नाही तर 30 दिवसांत सेशन्स कोर्टात अपील आहे. परिस्थिती बदलली तर आदेश बदलून मागता येतो. पण आदेश आहे तोवर तो अक्षरशः पाळा. फोन करू नको म्हटलं असेल तर भावाकडून, मित्राकडून, मुलाच्या मोबाईलवरून निरोपसुद्धा पाठवू नका.

"खोट्या केसी पण होतात ना?" हे मला किमान दहा जणांनी विचारलंय. होत असतील. प्रत्येक कायद्यात होतात. त्यासाठीच तर कोर्ट दोन्ही बाजू ऐकतं, उत्तर द्यायची, अपील करायची वाट ठेवली आहे. पण आपल्या वाड्यावर मी आजवर जे बघितलं त्यात खोटं बोलणाऱ्या बाईपेक्षा "पाय घसरला" म्हणणारी बाई जास्त बघितली. खोटं त्याही बोलत होत्या, पण नवऱ्याला वाचवायला.

आणि "गावची अब्रू जाते" म्हणणाऱ्यांना एक सांगतो. बंदरावर धोक्याचा बावटा लावला म्हणून वादळ बावट्यामुळे आलं असं आपण म्हणत नाही. बावटा बघून होड्या वर घेतो. कोर्टाचा आदेश हा तसा बावटा आहे. वादळ आधीच घरात होतं.

आता भगिनींसाठी. ज्यांना गरज आहे त्यांनी, आणि ज्यांना नाही त्यांनीही शेजारणीसाठी वाचावं.

जीवाला धोका असेल तर आधी 112 ला फोन. महिला हेल्पलाईन 181. लागलं असेल तर हॉस्पिटलात जा आणि डॉक्टरला खरं कारण सांगा, तो कागद पुढे फार उपयोगी पडतो. अर्ज करायला पोलिसात आधी केस पाहिजेच असं नाही, आणि पोलिसात तक्रार करायची असेल तर ती वाट वेगळी, तीही उघडी आहे. प्रत्येक भागासाठी सरकारने संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. कोण ते पोलीस ठाण्यात किंवा महिला व बाल विकास खात्यात विचारा. ते तुमची हकीकत ठरलेल्या फॉर्मवर लिहून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात. तुम्ही स्वतः थेट कोर्टात गेलात तरी चालतं, तुमच्या वतीने दुसरं कुणी गेलं तरी चालतं. माहेरी किंवा मैत्रिणीकडे राहत असाल तर तिथल्या कोर्टात अर्ज होतो, मार खाल्लेल्या गावातच परत जावं लागत नाही. राहायला जागा नसेल तर निवारागृहात सोय करायची जबाबदारीही या कायद्याने टाकली आहे.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला कायदेशीर मदत फुकट मिळते, कमाई कितीही असो. तालुका कोर्टात कायदेशीर सेवा समिती असते, फोन 15100. पुरुष सभासदांपैकी ज्यांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत आहे त्यांनाही तिथे वकील मिळतो, लाजू नका.

कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लावावी आणि निकाल 60 दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात जास्त लागतात, खोटी आशा दाखवत नाही. पण तोवरचा अंतरिम आदेश मागता येतो, तो अर्जातच मागा. आदेशाची प्रत फुकट मिळते. एक स्वतःकडे ठेवा, एक विश्वासातल्या माणसाकडे. लग्नाच्या नोंदीचा दाखला, पासबुक, हॉस्पिटलचे कागद, फोटो, मोबाईलवरचे मेसेज जपून ठेवा. नवऱ्याच्या मासळीच्या पैशाचा उतारा लागत असेल तर कोर्टाला तो सोसायटीकडून मागवायला सांगा. मी तुम्हाला काउंटरवर तोंडी सांगू शकत नाही, पण कोर्टाने मागितला की देतो, एक आकडा न लपवता.

आता सोसायटीचं. येत्या सर्वसाधारण सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे.

पहिली, सभासदाच्या पैशाबद्दल कोर्टाचा आदेश आला तर सचिवाने तो लगेच पाळायचा, त्यासाठी कमिटीत मतदान होणार नाही, आणि कुणाची मासळी दुसऱ्याच्या नावावर चढवली जाणार नाही.

दुसरी, मारहाणीच्या बाबतीत सोसायटीच्या ऑफिसात समेटाची बैठक बसणार नाही. जाळ्याचं भांडण असेल, जेटीवरच्या जागेचं असेल, बसूया, रात्रभर बसूया. पण हाडं मोडलेल्या बाईला चहा देऊन घरी पाठवणं हे आपलं काम नाही. समुपदेशन करायचं असेल तर तेही मॅजिस्ट्रेट सांगू शकतो, जाणकार माणसाकडून.

तिसरी, मासळी विकणाऱ्या आपल्या घरच्या बायकांची स्वतःच्या नावाची बँक खाती उघडायला सोसायटीने एक दिवस बँकेच्या माणसाला ऑफिसात बसवायचं. पासबुक तिच्याकडे, एटीएम कार्ड तिच्याकडे.

विरोध करणाऱ्यांनी सभेत येऊन करावा, पाठीमागे नको. ज्यांना पटतं त्यांनीही यावं, आणि या वेळी घरच्या बाईला बरोबर घेऊन यावं. बायका दाराबाहेर उभ्या राहून ऐकतात. यंदा आत खुर्च्या मांडूया.

ती वहिनी आता स्वतःच्या घरी राहते. कोर्टाच्या आदेशाने राहते. मनगट अजून थंडीत दुखतं म्हणते, जड टोपली उचलायला दुसरीला हाक मारते. गेल्या आठवड्यात ऑफिसात आली होती. तेव्हा मी खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी चुकलो." ती म्हणाली, "दादा, त्या दिवशी तुम्ही नुसतं 'कोर्टात जा' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं."

म्हणून आज सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. जा.

आपला,
सचिव